ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

(गावोगावच्या शिक्षकांसाठी व अभ्यासवर्गांसाठी पाठ)



नागपुराहून वर्ध्याकडे लोहमार्गाने निघाले म्हणजे थोड्याच वेळात बुटीबोरी हे स्थानक लागते. हे नाव आपल्या कानांस इतके सवयीचे झाले आहे की, त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे आपल्या मनातही येत नाही. 'बोरी' म्हटले की मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे बोराचे काटेरी झाड उभे राहते. ह्या नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. परंतु बिहार किंवा उत्तर प्रदेश ह्या प्रांतांतून पोटापाण्यासाठी आलेला एखादा मनुष्य तेथे उतरून तीच पाटी वाचील, तर त्याच्या मनात निराळेच चित्र उमटेल. त्याच्या भाषेत 'बूटी' म्हणजे औषधी पाला, व 'बोरी' म्हणजे पोते. तेव्हा आपल्या गावाचे नाव त्यास पाल्याच्या पोत्यासारखे वाटले, तर त्यात त्याचा काय दोष? पाटी एकच, अक्षरे तीच, आणि दोघांचेही डोळे धड. तरी एकास झाड दिसले व दुसऱ्यास पोते.

ह्या गमतीत एक महत्त्वाचा धडा आहे, आणि तो बुटीबोरीच्या आसपास राहणाऱ्यांस तर रोजच्या व्यवहारात उपयोगी पडण्यासारखा आहे. नागपूर हे शहर १९५६ सालापर्यंत ज्या प्रांताची राजधानी होते, त्यात मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषा नांदत होत्या. आज बुटीबोरीस विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. तेथे आपल्या खेड्यांतील तरुण जसे कामास जातात, तसेच परप्रांतांतील मजूरही येतात. हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता येथूनच जात असल्यामुळे तेलुगू बोलणाराही येथे दुर्मीळ नाही. एका ओळीतील चार खोल्यांत तीन भाषा बोलल्या जातात; पाणी भरावयाचे एकाच नळावर व मुलांनी खेळावयाचे एकाच अंगणात. अशा ठिकाणी शब्दांची गाठ चुकली, तर मनांचीही चुकते.

शब्द अगदीच परका असेल, तर धोका थोडा. तेलुगू शेजारीण काही बोलली व आपणास एकही शब्द उमगला नाही, तर आपण लागलीच विचारतो, "बाई, काय म्हणालात?" अनोळखी शब्द आपणास थांबवितो. परंतु ओळखीचा शब्द थांबू देत नाही. तो कानावर पडताच अर्थ कळला असे आपण धरून चालतो, आणि मग बोलणाऱ्याच्या मनात नसलेल्या गोष्टीबद्दल त्याच्यावर रागावतो, हसतो, किंवा भलतेच काम करून बसतो. अशा शब्दांचे काही वर्ग पाडून त्यांचा आता विचार करू.

१. एका घरातून निघालेले शब्द

मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषांनी संस्कृतातून पुष्कळ शब्द घेतले. पण एका घरातील दोन भाऊ वेगळे झाले म्हणजे जसे त्यांचे रीतिरिवाज हळूहळू बदलतात, तसे ह्या शब्दांचेही झाले.

'शिक्षा' हा शब्द पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे, शिकविणे असा आहे. हिंदीने तो तसाच राखिला. मराठीत शिकविण्यासाठी आपण 'शिक्षण' म्हणू लागलो, आणि 'शिक्षा' हा शब्द दंडाकडे व छडीकडे गेला. २००१ साली देशभर 'सर्व शिक्षा अभियान' सुरू झाले व ते नाव आपल्या खेड्यांतील शाळांच्या भिंतींवरही रंगविले गेले. सर्व मुलांस शिक्षण मिळावे असा त्याचा हेतू, परंतु मराठी वाचणाऱ्या आजोबांनी ते वाचून "आता सगळ्यांसच शिक्षा करणार की काय?" असे म्हटले, तर त्यांस हसू नये. पुढे २०१८ साली ते अभियान 'समग्र शिक्षा' ह्या योजनेत मिळाले, आणि २०२० साली केंद्र सरकारच्या त्या खात्यास हिंदीत 'शिक्षा मंत्रालय' हे नाव मिळाले. भिंतीवरील हे शब्द हिंदी आहेत एवढे ध्यानात ठेविले म्हणजे घोटाळा उरत नाही.

तथापि हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत असे मात्र नाही. इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात जेथे मराठीत 'शिक्षा' हा शब्द योजिला आहे, तेथील मूळ ग्रीक शब्द 'मूल' ह्या अर्थाच्या शब्दापासून झालेला आहे. मुलास वळण लावणे, शिकविणे व प्रसंगी शासन करणे, हे सर्व त्यात येते. तो अध्याय शिकविताना जर आपण केवळ दंडाचाच अर्थ सांगितला, तर बापाचा हात दिसेल, पण त्या हातामागील हेतू दिसणार नाही.

'संसार' हा शब्दही असाच. हिंदीत त्याचा अर्थ सगळे जग. मराठीत मात्र नवराबायको, चूल, मुलेबाळे व त्यांचा प्रपंच हाच आपला संसार. हिंदी वक्त्याने "संसार का मोह छोड़ो" असे म्हटले व मागे बसलेल्या एखाद्या नवविवाहितेने ते मराठी कानांनी ऐकिले, तर हा मनुष्य आपणास घर सोडावयास सांगतो असे तिला वाटेल. म्हणून हिंदी पुस्तकावरून पाठ तयार करणाऱ्याने ह्या शब्दापाशी मुद्दाम थांबावे.

'कष्ट' ह्या शब्दाने तर शेजारधर्मातच अंतर पडू शकते. मराठीत कष्ट म्हणजे मेहनत; कष्टाळू मनुष्याची आपण वाखाणणी करतो. हिंदीत कष्ट म्हणजे पीडा, दुःख. शेजारचा मजूर भिंतीस टेकून "भैया, बड़े कष्ट में हूँ" म्हणाला, आणि आपण "वा, कष्ट करावेतच!" असे म्हणून पुढे निघून गेलो, तर आजाऱ्याच्या दारावरून जाऊनही त्याची विचारपूस न केल्यासारखे होईल. त्याचप्रमाणे 'आग्रह' म्हणजे मराठीत हट्टाने धरलेली गोष्ट, हिंदीत नम्र विनंती. 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत व बंगालीत प्रयत्न. "मैं चेष्टा करूँगा" असे म्हणणारा आपली टर उडवीत नसून यत्न करण्याचे वचन देत असतो.

२. स्तुती व निंदा यांची अदलाबदल

'गर्व' आणि 'अभिमान' हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत; परंतु त्यांनी जणू जागा बदलल्या आहेत. मराठी आई मुलास म्हणते, "मला तुझा अभिमान आहे." हिंदी आई तेच सांगताना म्हणते, "मुझे तुम पर गर्व है." मराठीत गर्व हा दुर्गुण असून गर्वाचे घर खाली असे आपण म्हणतो. उलट हिंदीत 'अभिमानी' म्हटले की सामान्यतः घमेंडखोर मनुष्य समजतात. हिंदी बोलणारा सासरा जर म्हणाला की, "हमें बहू पर गर्व है," तर तो सुनेची स्तुती करीत आहे. आणि आपण त्याच्याविषयी मोठ्या प्रेमाने "वे बड़े अभिमानी आदमी हैं" असे मोडक्या हिंदीत बोललो, तर आपण निंदा करून बसलो. शिफारसपत्र लिहिणाऱ्यांनी हे विशेष जपावे. एका शब्दाने एखाद्या गरिबाची नोकरी हुकावयाची.

३. दूर देशांहून आलेले शब्द

वर 'गरीब' हा शब्द सहज येऊन गेला. तो अरबी आहे, आणि अरबीत त्याचा अर्थ परका, आपल्या घरादारापासून दूर पडलेला मनुष्य असा आहे. ज्यास जवळ भाऊबंद नाहीत, जामीन राहणारा कोणी नाही, त्याच्यापाशी बहुधा पैसाही नसतो. म्हणून आपल्याकडे येईपर्यंत 'परका' ह्या शब्दाचा अर्थ 'निर्धन' असा झाला. बुटीबोरीच्या खोल्यांत राहणारे अनेक जण दोन्ही अर्थांनी गरीब आहेत, हे विसरू नये.

'राजीनामा' हा शब्द फारसीच्या वाटेने आला. राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा लेख, हा त्याचा मूळ अर्थ. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या कारभारात शेत सोडणारा खातेदार 'राजीनामा' लिहून देई व ते घेणारा 'कबुलायत' लिहून देई. संमतीने सोडून देण्याचा हा कागद होता. त्यावरून मराठीत नोकरी किंवा अधिकार सोडण्याच्या पत्रास राजीनामा हे नाव रूढ झाले. हिंदी प्रांतांच्या कोर्टकचेऱ्यांत मात्र दोन भांडणाऱ्यांनी लिहून दिलेल्या समेटाच्या कागदास राजीनामा म्हणतात.

ह्यावर एक दृष्टांत घेऊ. बुटीबोरीजवळच्या एका खेड्यातील तरुण कारखान्यात कामास आहे असे समजा. एके दिवशी सोबत्याशी त्याची बोलाचाली होऊन धक्काबुक्की झाली. त्यांचा मुकादम जबलपूरकडचा. त्याने दोघांस बोलावून म्हटले, "दोनों राजीनामा लिखकर दो, और बात खतम करो." तरुण म्हणाला, "मी लिहिणार नाही." मुकादमास वाटले, हा पोरगा समेट नाकारीत आहे, केवढा भांडखोर! तरुणास वाटले, एवढ्याशा गोष्टीवरून हा माझी भाकर काढून घेत आहे, केवढा निर्दय! तो घरी गेला. आई रडली, बापाने बियाण्याच्या उधारीचा हिशेब काढला, आणि भीतीपोटी मुलगा चार दिवस कामावरच गेला नाही. पाचव्या दिवशी दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारले, "अरे, राजीनामा कशाचा, नोकरीचा की भांडणाचा?" तेव्हा उलगडा झाला. मुकादम त्याची नोकरी वाचवू पाहत होता. आणि ती गमावण्याची वेळ आली ती न सांगता बुडविलेल्या चार दिवसांमुळे. दोघांपैकी कोणीही खोटे बोलला नव्हता. दोघांपैकी कोणी एक प्रश्न मात्र विचारला नव्हता.

४. योगायोगाने सारखे झालेले शब्द

काही शब्दांचे आपापसात नातेच नसते. दोन वाटसरूंचे तोंडवळे सारखे असावेत तसे ते दिसतात. 'मेला' हे मराठीत मरणे ह्या क्रियापदाचे रूप. हिंदीत मेला म्हणजे जत्रा, आणि तो शब्द मिळणे, एकत्र जमणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. "गाँव में मेला है" हे ऐकून मराठी म्हातारी पदर डोळ्यांस लावील, आणि निरोप आणणारा मात्र हसत उभा असेल. 'आई' हे आपले सर्वांत गोड नाव. हिंदीत त्याचा अर्थ एवढाच की कोणी स्त्री 'आली'.

ह्या वर्गातील 'खाली' हा शब्द मात्र गमतीवर नेण्यासारखा नाही. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट, जमिनीकडे. हिंदीतला 'खाली' अरबीतून आला असून त्याचा अर्थ रिकामा. आपण नव्या गड्यास सांगितले, "डबा खाली ठेव," आणि त्याने तेल ओतून डबा रिकामा केला, तर नुकसान तेलाचे होईल. परंतु कारखान्यात वरून कोणी विचारले, "टंकी खाली है?" आणि खालच्या मराठी मजुराने, टाकी खालच्या बाजूस आहे अशा समजुतीने, "हो, खाली आहे" असे उत्तर दिले, तर भरलेल्या टाकीचे झाकण उघडले जाईल. आपल्या नागपूरकडच्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ चालतात, म्हणून तर येथे अधिक जपावयास पाहिजे. अशा जागी 'रिकामी' व 'भरलेली', 'वर' व 'जमिनीवर' असे ज्यांचा दुसरा अर्थ होणार नाही तेच शब्द वापरावेत, आणि बोटानेही दाखवावे.

५. नात्यांचे शब्द

नात्याच्या शब्दात चूक झाली म्हणजे ती थेट काळजास लागते. मराठीत व बंगालीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. हिंदीत 'दादा' म्हणजे बापाचा बाप. शेजारच्या मुलाने "दादा नहीं रहे" असे सांगितले, आणि आपण त्याच्या आईपाशी जाऊन तिच्या थोरल्या मुलाबद्दल शोक करू लागलो, तर त्या माउलीचे काय होईल? 'ताई' ही आपली थोरली बहीण. हिंदीत ती बापाच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे बहुधा प्रौढ स्त्री. विशीतील परप्रांतीय मुलीस आपण आदराने ताई म्हटले व तिचे तोंड उतरले, तर त्याचे कारण हे होय. 'नाना' हे आपल्याकडे मानाचे व लाडकेपणाचे नाव. हिंदीत ते आईच्या बापाचे नाते. समाचारास जाण्यापूर्वी कोण वारले, त्यांचे वय काय होते, हे दोन प्रश्न हलक्या आवाजात विचारून घ्यावेत.

६. ही गोष्ट आजची नाही

शब्दांचा हा खेळ फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या पतंजलीने आपल्या महाभाष्यात नोंदविले आहे की, कंबोज देशात 'शवति' हे क्रियापद 'जातो' ह्या अर्थाने वापरतात, तर आर्य लोकांत त्याच धातूचा 'शव' हा शब्द प्रेतास लावितात. हीच गोष्ट त्याच्याही पूर्वी यास्काने निरुक्तात सांगितली आहे.

दक्षिणेकडे गेले तर असाच अनुभव येतो. आपली 'कचेरी' म्हणजे अर्ज घेऊन जावयाची जागा. तमिळ मनुष्य कचेरीस जातो तो बहुधा गाणे ऐकावयास. 'उपन्यास' म्हणजे हिंदीत कादंबरी, आणि तेलुगूत व्याख्यान. समुद्रापलीकडेही तीच स्थिती. 'गिफ्ट' हा इंग्रजी शब्द आता आपल्या लग्नांतही ऐकू येतो. पण जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष! दोन्ही शब्द 'देणे' ह्या एकाच मुळापासून आले आहेत. एकीकडे दिली ती भेट, दुसरीकडे दिली ती विषाची मात्रा.

बुटीबोरीच्या वाचकांस एक आठवण येथे द्यावीशी वाटते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडातून आलेले मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. गोंड व इतर वनवासी लोकांत बसून त्यांनी त्यांची गाणी, कथा व शब्द उतरून घेतले. १८६३ साली सप्टेंबर महिन्यात ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहावयास गेले असता परतीच्या वाटेवर पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. त्यांचे लेख सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले, आणि त्यांत निरनिराळ्या लोकांच्या भाषांतील शब्दांच्या याद्या आहेत. दुसऱ्याचा शब्द त्याच्याच तोंडून ऐकून, त्याचा अर्थ त्यासच विचारून लिहून ठेवावा, हा कित्ता आपल्याच परिसरात घालून दिलेला आहे. तो गिरविण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही; एक वही व थोडा धीर पुरे.

७. आपण काय करावे

पहिली गोष्ट, ओळखीचा शब्द विचित्र ठिकाणी आला की थांबावे. बोलणाऱ्याचा चेहरा व त्याचा शब्द यांचा मेळ बसत नसेल, तर शब्दापेक्षा चेहऱ्यावर अधिक भरवसा ठेवावा व "तुमच्याकडे ह्याचा अर्थ काय?" असे विचारावे.

दुसरी, कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो आपल्या भाषेत समजावून घ्यावा. शब्द ओळखीचे दिसतात म्हणून कागद कळला असे होत नाही.

तिसरी, दुसऱ्याच्या शब्दास हसू नये. आपला अर्थ खरा व त्याचा बिघडलेला असे नसते. 'शिक्षा' ह्या शब्दाचा जुना अर्थ हिंदीने राखिला आहे, मराठीने नव्हे, हे आपण वर पाहिलेच.

चौथी, प्रत्येक अभ्यासवर्गाने एक वही ठेवावी. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात आपला अर्थ, तिसऱ्यात शेजाऱ्याचा अर्थ. तिसरा रकाना मात्र घरी बसून भरू नये. तो शेजाऱ्याच्या ओट्यावर बसूनच भरावा.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात म्हटले आहे की, वाणीचा अर्थ न कळला, तर बोलणारा व ऐकणारा हे एकमेकांस परके होतात. वर सांगितलेला 'गरीब' हा शब्द येथे पुन्हा आठवावा. घर सोडून आलेल्या मनुष्याचे परकेपण आपण एका दिवसात घालवू शकणार नाही. पण त्याच्या शब्दाचा अर्थ त्यास विचारला, तर तेवढ्यापुरते तरी ते कमी होते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द अधिक घोटाळ्यात का पाडतो?

२. 'शिक्षा', 'संसार' व 'कष्ट' ह्या शब्दांचे मराठी व हिंदी अर्थ सांगा. हिंदी पुस्तकावरून पाठ देताना कोणती काळजी घ्याल?

३. दृष्टांतातील तरुणाची चूक कोणती व मुकादमाची कोणती? तुम्ही तो शेजारी असता, तर पहिल्याच दिवशी काय केले असते?

४. तुमच्या वस्तीत राहणाऱ्या एका परप्रांतीय कुटुंबास भेटून असे तीन शब्द लिहून आणा, आणि पुढील वर्गात वाचून दाखवा.